गॅरेजच्या काँक्रीटवर इन्सुलेशन: आधी पाणी, मग लेव्हल, मग जाडी

प्रश्न थोडक्यात आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ १९८० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेलं घर. घराला चिकटून एका गाडीचं गॅरेज, आतून साधारण ३ बाय ५ मीटर. बाहेरच्या बाजूची भिंत एकेरी विटेची. गॅरेजची जमीन घराच्या जमिनीपेक्षा १५० मिमी खाली. साताऱ्याहून आई-वडील सहा महिने राहायला येणार आहेत, त्यांच्यासाठी तिथे झोपायची खोली करायची आहे. बिल्डरचं म्हणणं, काँक्रीट ठणठणीत आहे, वर फॉइलचा अंडरले आणि जाड कार्पेट टाकलं की काम झालं. तुम्ही विचारताय, एवढ्यावर भागेल का, नाही तर इन्सुलेशन किती जाड घ्यायचं आणि त्यासाठी जमीन फोडावी लागेल का.

भागणार नाही, आणि फोडावीही लागणार नाही. १५० मिमीची ती पायरी तुमच्या पथ्यावर पडली आहे. ती तिथे आहे तीही आगीच्या नियमामुळे. गॅरेजमध्ये सांडलेलं पेट्रोल घरात वाहत येऊ नये म्हणून एक तर जमिनीला बाहेरच्या दिशेने ढाळ द्यायचा, नाही तर घरात उघडणाऱ्या दाराचा उंबरा गॅरेजच्या जमिनीपेक्षा किमान १०० मिमी वर ठेवायचा, असं इंग्लंडच्या बांधकाम नियमांत आहे. बऱ्याच बिल्डरांनी दोन्ही केलं. त्यातली पायरी आपल्याला आता इन्सुलेशनसाठी फुकट मिळते आणि ढाळ मात्र निस्तरावा लागतो.

बिल्डरच्या कार्पेटबद्दल आधी बोलू, कारण हा सल्ला नुसता अपुरा नाही, त्याने नुकसान होतं. चांगलं कार्पेट आणि अंडरले मिळून साधारण अडीच टॉग (कार्पेट-रजयांची ऊब मोजायचं एकक) धरा. इन्सुलेशनच्या भाषेत ते पीआयआर बोर्डाच्या (कडक फोमचा इन्सुलेशन बोर्ड) साडेपाच मिलिमीटरएवढं झालं. फॉइलचा तर काहीच उपयोग नाही. चकाकणारा पृष्ठभाग उष्णता परतवतो तो समोर हवेची पोकळी असेल तेव्हा. काँक्रीट आणि कार्पेटच्या मध्ये दाबून बसवलेली फॉइल ही नुसती पातळ पत्र्यासारखी वस्तू. आता नुकसान कसं ते बघा. २० अंश तापमानाची आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा १२ अंशांच्या पृष्ठभागाला लागली की तिथे दव धरतं. दोन माणसं रात्रभर झोपलेल्या खोलीत एवढी आर्द्रता सहज असते. हिवाळ्यात गॅरेजचं काँक्रीट, विशेषतः कडेला, १२ अंशांच्या खाली असतं. उघड्या काँक्रीटला निदान खोलीची ऊब लागते तरी. कार्पेट टाकलं की तीही तुटते आणि काँक्रीट आणखी गार राहतं. दमट हवा मात्र कार्पेटमधून आरपार जाते. पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात फरशीला घाम सुटतो तोच प्रकार, फक्त इथे तो कार्पेटखाली, कपाटाखाली, गादीच्या खोक्याखाली चालतो आणि वास येईपर्यंत कळत नाही.

तर आधी पाणी.

तुमच्या स्लॅबखाली, म्हणजे गॅरेजच्या काँक्रीटच्या जमिनीखाली, प्लास्टिकचा ओलावारोधक थर आहे की नाही हे तुम्हालाही माहीत नाही आणि बिल्डरलाही नाही. त्या काळातल्या काही गॅरेजांत तो आहे, काहींत नाही, काहींत आहे पण फाटलेला. सोपी चाचणी करा. जाड पारदर्शक प्लास्टिकचा मीटरभर चौकोन काँक्रीटवर अंथरून चारही कडा टेपने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस ठेवा. खालच्या अंगाला थेंब धरले किंवा काँक्रीट काळपट पडलं, तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या अंगाला धरले तर ती हवेतली आहे. एक चाचणी मध्यभागी आणि एक मोठ्या दाराजवळ करा, कारण दाराजवळची ओल बहुतेक वेळा जमिनीतली नसते; ड्राइव्हवरचं (गॅरेजसमोरच्या गाडीवाटेवरचं) पावसाचं पाणी काँक्रीटच्या कडेतून आत शोषलं जात असतं.

चाचणी कोरडी निघाली तरी नवीन मेम्ब्रेन, म्हणजे ओलावारोधक पडदा, घालायचाच. १२०० गेजचा, म्हणजे ३०० मायक्रॉनचा पॉलिथिन, सांध्यावर चांगला चढवून टेप केलेला, आणि भिंतीवर वर वळवून विटांमधल्या ओलावारोधक थराला भिडवलेला. हा शेवटचा भाग लोक टाळतात, कारण तो किचकट आहे आणि नंतर दिसत नाही. पण गॅरेजची जमीन घरापेक्षा खाली असल्याने भिंतीतला तो थर बऱ्याचदा स्लॅबच्या वर दोन विटांवर असतो. मेम्ब्रेन जमिनीपाशीच कापला, तर मधल्या दोन विटांतून ओल सरळ तुमच्या नव्या इन्सुलेशनच्या कुशीत येते.

तुम्ही बर्कशायरमध्ये आहात, तरी पोस्टकोड टाकून रेडॉनचा (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा) नकाशा एकदा बघाच. कॉर्नवॉल, डेव्हन, डर्बीशायर, नॉर्थॅम्प्टनशायर इथल्या मंडळींनी तर त्याशिवाय पुढे जाऊच नये. तिथे हाच मेम्ब्रेन रेडॉन अडवण्याच्या दर्जाचा घ्यावा लागतो आणि पाइप जिथून वर येतात ती भोकं जास्त काटेकोरपणे बंद करावी लागतात.

तेलाचे डाग हा गॅरेजचा खास त्रास. तुम्ही ब्रशने लावायचं द्रव मेम्ब्रेन वापरणार असाल तर डागांवर ते धरत नाही, पोपडा सुटतो. सुटा पॉलिथिन अंथरणार असाल तर तेवढी चिंता नाही, तरी डिग्रीझरने धुऊन घ्या, नाही तर खोलीला कायमचा गॅरेजचा वास. आणि पॉलिस्टायरीनचे बोर्ड वापरणार असाल तर सॉल्व्हंटवालं डांबरी मेम्ब्रेन त्याखाली लावू नका. ते पॉलिस्टायरीन खातं. पीव्हीसीच्या वायरीही पॉलिस्टायरीनला थेट चिकटून ठेवायच्या नाहीत, वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. कॉन्ड्युटमधून न्या.

आता लेव्हल. ढाळ शंभराला एक धरला तरी पाच मीटरला ५० मिमी होतात. म्हणजे घराच्या दारापाशी पायरी १५० मिमी असेल तर मोठ्या दारापाशी ती २०० मिमी निघेल. मोजल्याशिवाय सामान मागवू नका. लेसर नसेल तर पाण्याची लेव्हल ट्यूब आहेच. तरंगत्या (खाली न ठोकता बोर्डांवर नुसत्या टेकवलेल्या) जमिनीखालचं काँक्रीट इतकं सपाट हवं की २ मीटरची सरळ पट्टी ठेवली तर खाली ५ मिमीहून जास्त फट दिसू नये. जाड थराचं लेव्हलिंग कंपाउंड मिळतं, ते वापरा. सिमेंट-वाळूचा थर पाचरीसारखा शून्यावर आणायला जाऊ नका, पातळ टोकाला तो सुटतो आणि वरचे बोर्ड आयुष्यभर कुरकुरतात. कुरकुरणाऱ्या जमिनीची तक्रार आली की बहुतेक वेळा खालचं काँक्रीट सपाट नसतं, बोर्डाचा दोष नसतो.

मग जाडी. इंग्लंडमधले सध्याचे ऊर्जेचे नियम जून २०२२ पासून लागू आहेत. (स्कॉटलंड आणि वेल्सचे वेगळे आहेत, तिथल्यांनी हे आकडे उचलू नयेत.) नव्या बांधलेल्या जमिनीला यू-व्हॅल्यू (एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट जातात तो आकडा, जितका कमी तितका चांगला) ०.१८ किंवा कमी लागते. जुनी जमीन ठेवून सुधारत असाल तर ०.२५. शिवाय शेजारच्या खोल्यांच्या जमिनींच्या पातळीत मोठी अडचण येत असेल तर त्याहून कमी इन्सुलेशनवर समाधान मानायची सोय नियमातच लिहिलेली आहे. गॅरेजची खोली करताना इन्स्पेक्टर यातला कोणता आकडा लावणार हे काम सुरू करण्याआधी त्याला विचारून, लेखी घेऊन ठेवा.

तुमच्या मापावर मी हिशेब करून पाहिला. १५ चौरस मीटर जमीन, बाहेरच्या हवेला लागून असलेली कड ८ मीटर (समोरची ३, बाजूची ५), खाली चिकणमाती. इन्सुलेशन नसताना यू-व्हॅल्यू ०.७३ च्या आसपास येते. पीआयआर ५५ मिमी घातला तर ०.२५, ९० मिमी घातला तर ०.१८. तुमच्या १५० मध्ये ९० मिमी बोर्ड, २२ मिमी चिपबोर्ड, ११-१२ मिमी लॅमिनेट आणि त्याचा अंडरले असं सव्वाशेच्या घरात बसतं, आणि लेव्हलिंगला थोडी जागाही उरते. उरलेली जागा रिकामी ठेवू नका, १०० मिमीचा बोर्ड घ्या आणि घराच्या जमिनीशी सपाट करा. आईवडिलांच्या वयाला दारात वीस मिमीचा उंचवटा हा १५० मिमीच्या पायरीपेक्षा वाईट. पायरी निदान दिसते. ज्यांच्याकडे पायरी १०० मिमीचीच आहे, त्यांना ५५ मिमीचा मार्ग मोकळा आहे आणि तो वाईट नाही.

स्वस्त पडतं म्हणून पांढरा ईपीएस (पॉलिस्टायरीन, आपला थर्माकोल) घ्यावा का, असं पुढे कोणी तरी विचारेलच. माल उत्तम आहे, पण ०.१८ साठी त्याची जाडी जवळपास १५० मिमी लागते. तुमची सगळी पायरी तोच खाऊन टाकेल. उंची मुबलक असेल तर खुशाल घ्या. पीआयआरचे पैसे उंची वाचवण्यासाठी मोजायचे असतात.

कडा हा या कामाचा खरा गाभा आहे आणि त्यावर सगळ्यात कमी लक्ष जातं. जमिनीतून उष्णता सरळ खाली जाते ही समजूत फार खरी नाही. मधल्या भागाखालची माती हळूहळू उबदार होऊन बसते. गळती होते ती कडेने, स्लॅबमधून आडवी बाहेर. म्हणून एकाच जाडीच्या बोर्डाला मोठ्या हॉलमध्ये चांगला आकडा मिळतो आणि चिंचोळ्या गॅरेजमध्ये तितका चांगला नाही. चारही बाजूंना इन्सुलेशनची २५ मिमी जाड उभी पट्टी लावा, आणि भिंतीचं इन्सुलेशन थेट खाली आणून जमिनीच्या बोर्डाला भिडवा. भिंतीची लाकडी चौकट आधी चिपबोर्डवर उभी करून मग मधे इन्सुलेशन भरणारे बिल्डर असतात. त्यात तळाला विटेची एक उघडी पट्टी राहते आणि पुढच्या हिवाळ्यात नेमकी तिथेच काळी बुरशी येते. जिथे बोर्ड भिडत नाही तिथे फोम भरा, कापा, वर फॉइल टेप.

थरांचा क्रम खालून वर: लेव्हल केलेलं काँक्रीट, मेम्ब्रेन, पीआयआर (सांधे विटांच्या रचनेसारखे एकाआड एक, टेप केलेले), त्यावर बाष्परोधक पातळ पॉलिथिन, त्यावर २२ मिमीचा पी५ (ओलावा सोसणाऱ्या) दर्जाचा खाचेवाला चिपबोर्ड. चिपबोर्डच्या प्रत्येक खाचेत गोंद, आणि भिंतीकडेला सगळीकडे १० मिमी मोकळी फट, जी स्कर्टिंगखाली झाकली जाते. बोर्ड आणल्यावर दोन दिवस त्याच खोलीत पडू द्या. खाली खिळा-स्क्रू काही नाही. जमीन स्वतःच्या वजनावर तरंगते. वडिलांचं लोखंडी कपाट यावर चालेल का, ही शंका रास्त आहे. चालेल. जमिनीसाठीचा पीआयआर साधारण १२० ते १५० किलोपास्कल दाब सोसतो आणि घरातल्या जमिनीचा हिशेबी भार दीड किलोपास्कल धरतात. फक्त बारीक पायांखाली लाकडी चकत्या द्या, चिपबोर्डच्या समाधानासाठी.

लाकडी पट्ट्या टाकून मधे इन्सुलेशन भरण्याची पद्धत मी तरी सुचवत नाही. प्रत्येक पट्टी म्हणजे उष्णतेला मिळालेली वाट, आणि ओलसर काँक्रीटवर लाकूड ठेवायचं तर खाली हवा खेळती लागते; मग गार हवा आत घेण्यासाठी भिंतीला जाळ्या पाडायच्या.

जमीन फोडून खाली इन्सुलेशन घालणं हे उंचीच मिळत नसेल तेव्हाचं शेवटचं हत्यार. एकेरी भिंतीच्या गॅरेजचा पाया कित्येकदा फारच उथळ असतो, काही ठिकाणी तर भिंत स्लॅबच्या जाड केलेल्या कडेवरच उभी असते. तो स्लॅब ब्रेकरने फोडला की भिंतीचा आधार गेला. तुम्हाला याची गरजच नाही. मात्र मोठ्या दाराची जागा विटांनी बुजवणार असाल, तर त्या उंबऱ्याखाली पाया आहे की नाही हे खड्डा घेऊन बघा. दाराखाली पाया नसणं अगदी सर्रास आढळतं. आणि त्याच जागी बाहेर, ड्राइव्ह आणि नवीन भिंत यांच्या मध्ये, पाण्याची नाली टाका. बाहेरची जमीन भिंतीतल्या ओलावारोधक थराच्या किमान १५० मिमी खाली असायला हवी. गॅरेजच्या दारात ती जवळजवळ स्लॅबच्या पातळीला आलेली असते, कारण गाडी आत जायची असते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती जमिनीहून मोठी आहे. आत २० अंश आणि बाहेर ५ अंश धरून ढोबळ हिशेब केला, तर इन्सुलेशन नसलेल्या जमिनीतून साधारण १६५ वॉट जातात आणि ९० मिमीनंतर ४०. तुमच्या बाजूच्या एकेरी विटेच्या भिंतीतून, ५ मीटर लांब आणि २.३ मीटर उंच धरली तर, साडेपाचशेच्या वर. म्हणजे भिंत तशीच ठेवून जमिनीवर पैसे ओतले तर बिलात फारसा फरक दिसणार नाही. जमिनीचं इन्सुलेशन करायचं ते मुख्यतः पायांसाठी आणि बुरशी टाळण्यासाठी. काँक्रीट पायातली ऊब फार झपाट्याने ओढून घेतं, म्हणून खोलीच्या हवेचं तापमान ठीक असूनही पाय गारठतात. शिवाय उघडा स्लॅब तापायला तासन् तास घेतो. संध्याकाळी हीटिंग लावून झोपेपर्यंत तो गारच. वर इन्सुलेशन आणि हलका चिपबोर्ड असला की खोली अर्ध्या तासात उबदार लागते. आपल्याकडे इन्सुलेशनचा विचार गच्चीच्या कोब्यापाशी थांबतो, शहाबादी फरशी गार लागली तर आपण खूश होतो. त्यामुळे जमिनीला कसलं इन्सुलेशन, असं घरच्यांना वाटणं स्वाभाविक आहे.

जमिनीखालून हीटिंग करायचा मोह झाला तर इन्सुलेशनआधी नको. इलेक्ट्रिक मॅट साधारण १५० वॉट प्रति चौरस मीटरची असते, आणि खाली इन्सुलेशन नसेल तर त्यातला मोठा वाटा इंग्लंडच्या मातीला जातो. लाकडी पृष्ठभागाचं तापमान २७ अंशांच्या वर नेऊ नका. माझ्या मते ९० मिमीनंतर या आकाराच्या खोलीला एक नीट निवडलेला रेडिएटर पुरतो.

कागदपत्रं: गॅरेजची खोली करायला बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी लागते, मग प्लॅनिंग परवानगी लागो न लागो. प्लॅनिंग बहुतेकांना लागत नाही, पण तुमच्या घराच्या काळातल्या काही वसाहतींत गॅरेज गाडीसाठीच ठेवण्याची अट मूळ परवानगीत असते, कौन्सिलकडे तपासा. मेम्ब्रेन घातल्यावर आणि इन्सुलेशन घातल्यावर, चिपबोर्ड टाकण्याआधी इन्स्पेक्टरला बोलवा आणि स्वतःही फोटो काढून ठेवा, जाडीचा छापील शिक्का दिसेल असे. घर विकताना पूर्णतेचा दाखला मागतातच.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी: तिथला आर-आकडा (उष्णता अडवण्याची क्षमता) वेगळ्या एककात असतो. इथला ९० मिमी पीआयआर म्हणजे तिकडचा साधारण आर-२३. पण गोठणाऱ्या जमिनीचे आणि स्लॅबच्या कडेचे तिथले नियम राज्यागणिक बदलतात, ते स्थानिक कोडमध्येच बघा.

बिल्डर चिपबोर्डऐवजी स्क्रीड, म्हणजे ओला ओतून सपाट केलेला थर, सुचवेल. इन्सुलेशनवर सिमेंट-वाळूचा स्क्रीड घरगुती वापराला किमान ६५ मिमी लागतो, म्हणजे ९० मिमीच्या बोर्डाबरोबर तो तुमच्या पायरीत बसतच नाही. बसवायचाच म्हटला तर बोर्ड पातळ करावा लागेल. शिवाय वाळायचा हिशेब असा: पहिल्या ५० मिमीला रोज एक मिमी, पुढच्या प्रत्येक मिमीला दोन दिवस. म्हणजे ६५ मिमीला ऐंशीएक दिवस, तेही खोली उबदार आणि हवेशीर असेल तर. त्याआधी लॅमिनेट टाकलं तर ते फुगणार. आईवडिलांची तिकिटं काढून झाली असतील तर चिपबोर्डच घ्या, गोंद वाळला की दुसऱ्या दिवशी वर काम सुरू करता येतं. तिकिटं काढायची असतील तर आधी भिंतीच्या आणि मोठ्या दाराच्या कामाची तारीख बिल्डरकडून पक्की करून घ्या. उशीर होतो तो तिथे, जमिनीला नाही.